जोर्वे ते काळी झिलई: संग्रहालयातल्या प्राचीन मृद्भांड्यांचे फोटो कसे काढावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका लहान वस्तुसंग्रहालयातल्या ताम्रपाषाणयुगीन आणि सातवाहनकालीन मातीच्या भांड्यांची छायाचित्रांसह नोंद करायची आहे. हाताशी फुल-फ्रेम कॅमेरा, २४-१०५ मिमी झूम लेन्स, ट्रायपॉड आणि दोन एलईडी पॅनेल आहेत. जोर्वे भांड्यांचा नारिंगी-तांबडा रंग दर फोटोत वेगळा येतो, त्यांच्यावरची काळी नक्षी पुसट दिसते, भांड्यांचे पोट आहे त्याहून फुगलेले दिसते आणि काही भांडी काचेच्या कपाटातून बाहेर काढायची परवानगी नाही.

पहिली गोष्ट म्हणजे सगळ्या भांड्यांना एकच प्रकाशयोजना लावू नका. दिवे एकदा मांडायचे आणि शंभर भांडी एकामागून एक त्यांच्यापुढून काढायची, हे वेळेच्या दृष्टीने सोयीचे वाटते, पण त्यात निम्म्या भांड्यांची ओळखच फोटोतून निघून जाते. भांड्यांचा प्रकार ज्या खुणेवरून ओळखला जातो, ती खूण फोटोत वाचता आली पाहिजे. दिवे कुठे ठेवायचे हे त्या खुणेवरून ठरते.

जोर्वे प्रकारच्या भांड्यांना प्रवरेकाठच्या, संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावाचे नाव मिळाले. ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये तिथे उत्खनन केले होते. नेवासे, दायमाबाद, इनामगाव इथेही ही भांडी मोठ्या संख्येने निघाली. चाकावर घडवलेली, चांगली भाजलेली, तांबड्या किंवा नारिंगी लेपाची आणि वर काळ्या रंगात भौमितिक नक्षी: आडव्या रेघा, जाळी, तिरके पट्टे, समभुज चौकोन. पृष्ठभाग मंद असतो, चकाकत नाही. आकारांत पोटाशी कोन असलेले, आत वळलेल्या भिंतींचे कटोरे आणि लांब नळीसारख्या तोटीची भांडी ही दोन ठळक. म्हणजे जोर्वे भांड्याच्या फोटोत पोटाचा कोन, तोटीची लांबी आणि तिरपेपणा, लेपाचा रंग आणि नक्षीच्या कडा या चार गोष्टी आल्याच पाहिजेत. उत्तरेकडील काळ्या झिलईच्या भांड्यांचे उलट आहे. तिथे झिलई हीच ओळख. ती फोटोत मेली तर उरते ते कुठलेही काळे खापर. जाड राखी, हाताने घडवलेल्या भांड्यांवर बोटांनी दाबून केलेली पट्टी असेल तर उंचसखलपणा दिसायला हवा. तीन प्रकार, तीन वेगळे प्रकाश.

दिव्यांकडे जाण्याआधी भांडे हातात घेण्याबद्दल, कारण नुकसान बहुतेक वेळा याच टप्प्यावर होते. सुती हातमोजे घालू नका. ते गुळगुळीत भांड्यावरून घसरतात आणि खरबरीत खापराच्या सुटलेल्या पापुद्र्यात त्यांचे धागे अडकतात. नायट्राइलचे मोजे घाला, किंवा हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. अंगठ्या, कडे, मनगटी घड्याळ, गळ्यातले ओळखपत्र काढून ठेवा. भांडे काठाला, कानाला किंवा तोटीला धरून कधीही उचलू नका. एक हात बुडाखाली, दुसरा पोटाला. तोटीचा सांधा हा मूळ भांड्यातच कमजोर असतो. जोर्वे भांडे टिचकी मारल्यावर धातूसारखे खणखणते, हे वर्णन पुस्तकांत वाचलेले असते. संग्रहालयात ते करून पाहण्याचा मोह आवरा. केसाएवढी जुनी चीर डोळ्यांना दिसत नाही.

उत्खननातली पुष्कळ भांडी तुकडे जोडून उभी केलेली असतात आणि मधल्या मोकळ्या जागा प्लास्टर ऑफ पॅरिसने भरून वर रंग दिलेला असतो. उचलण्याआधी भांड्याभोवती टॉर्च फिरवून सांधे आणि भरलेले भाग शोधा आणि नोंदवहीत लिहा. इथे उष्णतेचा मुद्दा येतो. मृद्भांडी जोडायला पॅरालॉइड बी-७२ हे राळेसारखे चिकटद्रव्य जगभर वापरतात आणि ते साधारण ४० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते. विदर्भात किंवा मराठवाड्यात मे महिन्यात बंद खोलीचे तापमान आधीच त्याच्या जवळ पोचलेले असते. तशात जुने हॅलोजन दिवे भांड्याजवळ लावले तर सांधा हळूहळू सरकतो आणि भांडे आपल्याच वजनाने उघडते. म्हणून दिवे एलईडीचे किंवा फ्लॅशचेच घ्या, आणि एलईडीसुद्धा भांड्याला चिकटवून ठेवू नका.

गोल बुडाची भांडी टेबलावर उभी राहत नाहीत. त्यांना टेकू म्हणून प्लॅस्टिसीन किंवा चिकट पुट्टी लावायची सवय फार ठिकाणी आहे. ती सोडा. त्यातले तेल भाजलेल्या मातीत शिरते आणि डाग कायमचा राहतो. त्याऐवजी पॉलिथिन फोमची कडी कापून घ्या, ३, ५ आणि ८ सेंमी आतील व्यासाच्या दोन-दोन कड्या असल्या की बहुतेक कामे भागतात. भांड्याच्या बुडाच्या छायेत लपेल इतकीच कडीची उंची ठेवा. लहान भांड्यांना बारीक काचमण्यांची घट्ट शिवलेली पिशवी चालते. टेबलावर कागदाखाली एक सेंमी जाडीचा फोम अंथरलेला असावा आणि पंखा बंद. पंख्याच्या वाऱ्याने पार्श्वभूमीचा कागद हलतो. जुन्या वाड्यातल्या लाकडी तक्तपोशीवर तर माणूस चालला तरी कॅमेरा थरथरतो. दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट वापरा, आणि शटर उघडे असताना कोणी हलू नये.

आता फुगलेल्या पोटाकडे. हा दोष लेन्सचा नाही, अंतराचा आहे. ३० सेंमी व्यासाचे भांडे घ्या. त्याच्या पोटाचा सर्वात पुढचा बिंदू मध्यअक्षापेक्षा १५ सेंमी कॅमेऱ्याच्या जवळ असतो. लेन्स अक्षापासून ४० सेंमीवर असेल, जसा मोबाइल धरला जातो, तर पुढचा भाग २५ सेंमीवर येतो आणि कडेच्या भागाच्या तुलनेत ६० टक्के मोठा दिसतो. एक मीटरवर हा फरक सुमारे १८ टक्के होतो, दोन मीटरवर ८ टक्के. म्हणून मध्यम आकाराच्या भांड्यांसाठी लेन्स दोन मीटरवर ठेवा आणि झूम १०० मिमीला. लहान सेन्सरचा एपीएस-सी कॅमेरा असता तर हेच दृश्य साधारण ६५-७० मिमीला मिळाले असते. झूमच्या कड्यावर कागदी चिकटपट्टी लावून टाका, म्हणजे दिवसभर तो सरकणार नाही.

कॅमेरा उभा धरला की दोन मीटरवर, १०० मिमीला, चौकटीत सुमारे ६८ सेंमी उंची आणि ४५ सेंमी रुंदी मावते. लेन्सचे केंद्र भांड्याच्या काठाच्या उंचीला आणा आणि कॅमेरा जराही न झुकवता सरळ ठेवा. ट्रायपॉडच्या डोक्यावरच्या पातळीच्या बुडबुड्यापेक्षा कॅमेऱ्यातली इलेक्ट्रॉनिक पातळी विश्वसनीय. काठ चौकटीच्या बरोबर मध्यावर येतो, खाली ३४ सेंमी जागा उरते, त्यात ३० सेंमी उंचीचे भांडे आरामात बसते. वरची रिकामी जागा नंतर कापायची. हे विचित्र वाटते, कारण वस्तू चौकटीच्या मधोमध ठेवायची सवय असते. पण असे केले तरच काठ सरळ रेषेत येतो, भांड्याच्या दोन्ही बाजू एकमेकींकडे झुकत नाहीत, आणि हा फोटो उत्खनन-अहवालातल्या रेखाचित्राशेजारी ठेवून ताडून पाहता येतो. कॅमेरा वरून खाली झुकवला की बूड निमुळते होते आणि जोर्वे कटोऱ्याच्या पोटाचा कोन बदलतो. नेमका तोच कोन अभ्यासकाला मोजायचा असतो.

दुसरा फोटो तोंड दिसेल असा घ्या. लेन्स काठापेक्षा ३० सेंमी वर नेली की दोन मीटरवरून तोंडाचा लंबगोल त्याच्या रुंदीच्या साधारण १५ टक्के उंचीचा दिसतो. एवढा पुरे; त्याहून जास्त वरून घेतला तर खांदा आणि पोट आखडते. या फोटोत कॅमेरा झुकवावा लागतो, चालेल. त्याशिवाय बुडाचा एक फोटो हवाच. बुडावर काजळी, चाकावरून दोरीने कापल्याच्या खुणा, झिजलेली कडा असते आणि जुन्या नोंद-फोटोंत बहुधा हेच नसते. तोटीच्या भांड्याची तोटी पूर्णपणे बाजूने दिसली पाहिजे, आणि संग्रहातल्या सगळ्या तोट्या एकाच दिशेला. कुठली दिशा, हे संग्रहालयाने एकदा ठरवावे आणि पाळावे.

मोजपट्टी भांड्याच्या पुढे टेबलावर आडवी ठेवली की वरची सगळी काळजी वाया जाते. वरच्याच हिशेबाने, दोन मीटरवरून, भांड्याच्या पोटासमोर ठेवलेली पट्टी ८ टक्के मोठी दिसते आणि ३० सेंमीचे भांडे फोटोवरून मोजणारा २८ सेंमीच्या आसपास मोजतो. पट्टी भांड्याच्या बाजूला, मध्यअक्षाच्या प्रतलात, कॅमेऱ्याला समांतर उभी ठेवा. साध्या लाकडी ठोकळ्याला खाच पाडून त्यात ती उभी राहते. मध्यम भांड्यांना १० सेंमीची, कटोऱ्यांना ५ सेंमीची. पट्टी काळ्या-पांढऱ्या चौकटींची आणि मंद पृष्ठभागाची असावी. लॅमिनेट केलेली पट्टी चमकते आणि तिचे आकडे वाचता येत नाहीत. भांडे न हलवता पट्टीसह एक फोटो, मग पट्टी काढून एक. दुसरा प्रदर्शनाला आणि छपाईला लागतो.

छिद्र एफ/११. या मांडणीत सुमारे २५ सेंमी खोली स्पष्ट येते. फोकस पोटाच्या पुढच्या बिंदूवर नको आणि कडेच्या रेषेवरही नको. पुढच्या बिंदूपासून मागे, अक्षाच्या दिशेने साधारण एक तृतीयांशावर, जिथे नक्षीची एखादी रेघ असेल तिथे, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून हाताने करा. एफ/२२ वर नेऊन सगळेच स्पष्ट करायचा मोह होतो. तिथे प्रकाशाच्या विवर्तनाने बारीक रेघाच मऊ पडतात. आयएसओ १००, शटर जे येईल ते, पाव सेकंद असो की दोन सेकंद. लांब शटरचा एक फायदाही आहे: स्वस्त एलईडी ५० हर्ट्झच्या विजेवर जे लुकलुकतात, त्याचे पट्टे फोटोत उमटत नाहीत.

पार्श्वभूमीला मधल्या राखाडी रंगाचा, मंद कागदाचा रोल घ्या. तो मागे वर टांगून टेबलावर गोलाईने उतरवा, घडी पडू देऊ नका, आणि भांडे मागच्या कागदापासून निदान एक मीटर पुढे ठेवा, म्हणजे सावली कागदावर पडत नाही. शुभ्र पार्श्वभूमीवर नारिंगी भांड्याच्या कडांवर पांढरा प्रकाश चढतो आणि बाह्यरेषा खाल्ली जाते. काळ्या मखमलीवर राखी आणि काळी भांडी हरवतात, शिवाय मखमलीचे तंतू खरबरीत मातीला चिकटतात. कार्यक्रमाच्या टेबलावरचे लाल किंवा निळे कापड तर नकोच; त्याचा रंग भांड्याच्या खालच्या निम्म्या भागावर उडतो आणि नंतर कुठल्याच सॉफ्टवेअरने नीट निघत नाही.

रंग दर फोटोत बदलतो याची कारणे चार असतात, आणि ती बहुधा एकत्र काम करतात. कॅमेऱ्याचा आपोआप पांढरा तोल चौकटीत तांबडे भांडे मोठे दिसले की ते तांबडेपण दिव्याचे समजून कमी करतो. पुढच्या फोटोत भांडे लहान असले की तितके कमी करत नाही. दुसरे, खोलीत खिडकीचा उजेड, छतावरची ट्यूब आणि तुमचे पॅनेल तिन्ही मिसळलेले असतात. तिसरे, गुलाबी किंवा पिवळट डिस्टेंपरच्या भिंती. काम करणाऱ्याचा रंगीत शर्टसुद्धा. चौथे, पॅनेलची प्रत. बहुतेक जण सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ पाहून समाधान मानतात, पण तो सरासरीचा आकडा आहे आणि गडद तांबडा त्याच्या हिशेबात धरलाच जात नाही. त्यासाठी आर-९ हा वेगळा आकडा असतो. भाजलेल्या मातीचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडमुळे असतो, आणि आर-९ कमी असलेल्या दिव्याखाली जोर्वेचा लेप तपकिरी, मलूल येतो. आर-९ नव्वदच्या वर नसेल तर ते पॅनेल मृद्भांड्यांसाठी घेऊ नका. रेषेचा वा आकाराचा दोष एकवेळ सुधारता येतो, पण दिव्यात जो रंगच नाही तो फोटोत मागाहून आणता येत नाही.

उपाय: खिडक्यांना काळे कापड, छतावरचे दिवे बंद, अंगात काळे किंवा राखाडी कपडे. फोटो रॉ स्वरूपात. प्रकाशयोजना बदलली की प्रत्येक वेळी पहिल्या चौकटीत भांड्याच्या जागी २४ चौकटींचे रंगपत्रक ठेवून एक फोटो घ्या, आणि त्यावरून त्या गटाचा पांढरा तोल व रंग-प्रोफाइल बनवा. प्रोफाइल लावल्यावर एसआरजीबी या नेहमीच्या रंगमापनात (० काळा, २५५ पांढरा) पत्रकाच्या खालच्या ओळीतले राखाडी चौकोन पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत २४३, २००, १६०, १२२, ८५ आणि ५२ यांच्या जवळपास यायला हवेत, आणि प्रत्येक चौकोनात लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे दोन-तीनच्या फरकात. २०० चा चौकोन २१५ दाखवत असेल तर फोटो जास्त उजळ आहे. निळा आकडा एकट्याने घसरला असेल तर कुठून तरी पिवळा प्रकाश येतो आहे, तो शोधा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावा. एकत्रित हिस्टोग्राम ठीक दिसत असतानाही तांबडा आलेख उजवीकडे कापला गेलेला असतो; मग नारिंगी लेपावरचे छटांचे फरक सपाट होतात आणि नक्षीच्या कडाही पसरतात. ‘व्हिव्हिड’ किंवा ‘लँडस्केप’ शैली बंद ठेवा, कारण हिस्टोग्राम त्या शैलीवरून काढला जातो.

रंगाची लेखी नोंद मन्सेलच्या माती-रंगपुस्तकावरून दिवसाच्या उजेडात, सावलीत, डोळ्यांनी घ्या. फोटोतल्या भांड्याशी पुस्तक जुळवू नका. आणि एका भांड्याला एकच नोंद पुरत नाही: भट्टीत जिथे हवा कमी पोचली तिथे डाग काळपट असतो, म्हणून नोंद कुठल्या जागेची तेही लिहा.

पुसट नक्षी. मुख्य दिवा डावीकडून वर, ४५ अंशांवर, मोठ्या मऊ पडद्यामागून. उजवीकडे पांढऱ्या थर्माकोलचा तक्ता भांड्यापासून ४०-५० सेंमीवर. प्रकाश डावीकडून वरून येतो हा रेखाचित्रांतलाही संकेत आहे आणि तो पाळावा, कारण खालून प्रकाश आला की डोळा उंचवट्याला खळगा समजतो. पण एवढ्याने पुसट नक्षी उठतेच असे नाही. शतकानुशतके जमिनीत राहिलेल्या लेपावर क्षारांचा पातळ पापुद्रा असतो, किंवा जुन्या संवर्धकाने लावलेल्या राळेचा थर असतो. त्यावरून उडणारी बारीक चमक सगळीकडे राखाडी धुके पसरवते आणि काळा रंग त्यात बुडतो. पूर्वी उत्खननाच्या तंबूत खापरावर ओले बोट फिरवून नक्षी पाहत. भांडे ओले करू नका. पाण्यात आतले क्षार विरघळून वर येतात, वाळताना स्फटिक होऊन लेपाला पृष्ठभागापासून सोडवतात.

ओल्या बोटाने जे साधत होते ते आडव्या ध्रुवीकरणाने (क्रॉस-पोलरायझेशन, म्हणजे दिव्यांची आणि लेन्सची ध्रुवीकरणाची दिशा एकमेकींना काटकोनात) कोरडेच साधते. दोन्ही दिव्यांपुढे रेषीय ध्रुवीकरणाची फिल्म लावा, दोन्हींची दिशा एकच. फिल्मच्या कोपऱ्यावर बाणाची खूण केलेली असते, ती पाहा. लेन्सवर वर्तुळी ध्रुवीकरणाचा फिल्टर (सीपीएल). भांड्याच्या जागी स्टीलचा चमचा ठेवा आणि त्यातले दिव्यांचे प्रतिबिंब काळे पडेपर्यंत फिल्टर फिरवा. प्रकाश सुमारे तीन स्टॉप कमी होतो, म्हणजे पाव सेकंदाचे दोन सेकंद होतात; ट्रायपॉडवर त्याची अडचण नाही. धुके जाते, लेप गडद आणि नक्षी ठळक होते. रंग नेहमीपेक्षा भरलेला येतो, म्हणून रंगपत्रकाचा फोटो याच मांडणीत पुन्हा घ्यावा लागतो आणि हा फोटो ‘नक्षीसाठी’ असे लिहून साध्या फोटोशेजारी ठेवायचा. त्याच्या जागी नाही.

तरीही नक्षी उठली नाही तर डी-स्ट्रेच हे रंगांतले फरक ताणून दाखवणारे संगणकीय साधन आहे. जॉन हार्मन यांनी ते शैलचित्रांसाठी तयार केले, पण तांबड्यावरच्या काळ्या रेघांनाही उपयोगी पडते. त्यातून निघालेले चित्र निळे-जांभळे, खोट्या रंगांचे असते. ते रेखाचित्र काढताना आधार म्हणून वापरा, नोंदीत मूळ फोटो म्हणून कधीही नाही.

झिलईच्या भांड्यांना हे ध्रुवीकरण पूर्ण लावू नका. उत्तरेकडील काळ्या झिलईचे खापर किंवा घोटलेले तांबडे भांडे असेल तर एकच मोठा, मऊ, आयताकृती उजेड बाजूने द्या. ६० बाय ९० सेंमीचा सॉफ्टबॉक्स, किंवा लाकडी चौकटीवर ताणलेला ट्रेसिंग पेपर आणि त्यामागे पॅनेल. भांड्याच्या एका बाजूला एकसंध उभा चकाकता पट्टा येतो आणि त्याच्या कडेवरून झिलईची प्रत वाचता येते. कडा तीव्र असेल तर झिलई उत्तम, विरत गेलेली असेल तर झिजलेली. समोरून दोन छोटे दिवे लावले की भांड्यावर दोन पांढरे ठिपके येतात, आणि त्यांतून काहीच कळत नाही. काळ्या भांड्याला पार्श्वभूमी फिकी राखाडी ठेवा.

राखी जाड भांडी, दाबलेल्या पट्ट्या, कोरीव रेघा आणि विदर्भातल्या महापाषाणीय काळ्या-तांबड्या भांड्यांवर ओरखडलेल्या खुणा यांना पृष्ठभागावरून घासत जाणारा तिरका प्रकाश लागतो, १० ते २० अंशांचा. इथे मऊ पडदा काढून टाका. प्रकाशाच्या दिशेला समांतर जाणारी रेघ दिसतच नाही, म्हणून दोन फोटो घ्या, दुसऱ्यात दिवा ९० अंशांनी वळवून. महत्त्वाच्या खुणेसाठी आरटीआय (रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग) करावे: कॅमेरा स्थिर, शेजारी काळी चकचकीत गोळी, आणि दिवा वस्तूभोवती घुमटासारख्या कल्पित पृष्ठावर ४० ते ६० जागी नेऊन प्रत्येकी एक फोटो. दिव्याचे अंतर वस्तूच्या आकाराच्या तिप्पट-चौपट आणि दर वेळी तेवढेच. दिव्याला दोरी बांधून अंतर मोजणे सर्वात सोपे. नंतर संगणकावर उजेड हवा तिथून पाडून खूण वाचता येते.

सुट्या खापरांसाठी कॅमेरा वरून सरळ खाली. खापर थेट कागदावर ठेवले तर कडेला काळी सावली येऊन तुटलेली कडा कळत नाही, म्हणून चार ठोकळ्यांवर, कागदापासून १०-१५ सेंमी वर, साधी स्वच्छ काच टेकवा आणि खापर तिच्यावर ठेवा. काठाचे खापर काठ वर करून, भांड्यात ते जसे होते त्याच कलाने. बाहेरची बाजू, आतली बाजू आणि तुटलेली कडा असे तीन फोटो. कडेच्या फोटोला सर्वात जास्त वेळ द्या: गाभा राखाडी आहे की पूर्ण तांबडा, मातीत वाळू किती आणि भुसा किती, लेप किती जाड, हे सगळे तिथेच दिसते. त्यासाठी मॅक्रो लेन्स लागते. तुमच्या झूमला १२ मिमीचे एक्स्टेन्शन ट्यूब लावून सुरुवात करता येईल.

इनामगावसारख्या ठिकाणचे दफनकुंभ, तोंडाला तोंड लावून जमिनीखाली पुरलेले जोडकुंभ, संग्रहात असतील तर ते टेबलावर चढवू नका. जिथे आहेत तिथेच, मागे कागद उभा करून, तीन मीटरवरून घ्या, ५० सेंमीची पट्टी लावा. दोन कुंभ कुठल्या बाजूने जुळत होते ते दाखवणारा एक फोटो आणि मग प्रत्येकाचा वेगळा. आत हाड किंवा माती उरली असेल तर ती हलवू नका, आत हातही घालू नका. ती माती तपासणीचा पुरावा आहे.

काचेतली भांडी. इथे दर्जा कमी होणार हे धरूनच चला, पण पुष्कळ काही साधते. आधी बाहेरून काच कोरड्या मायक्रोफायबरने पुसा, कपाट हलू न देता. लेन्सला रबरी हूड लावून तो काचेला हलकेच टेकवा. तेवढ्याने बहुतेक प्रतिबिंबे जातात. टेकवता येत नसेल, तर मीटरभर लांब-रुंद काळ्या कापडात लेन्सएवढे भोक पाडून कॅमेरा त्यामागे ठेवा आणि खोलीतले दिवे बंद करून घ्या. ध्रुवीकरण फिल्टरवर इथे लोकांची भिस्त फार असते. तो काचेच्या लंबापासून ५६ अंशांच्या आसपास तिरके पाहताना उत्तम काम करतो. काचेला सरळ समोरून पाहताना जवळजवळ काहीच करत नाही. तिरके पाहिले तर आकार बिघडतो, म्हणून नोंदीच्या फोटोला काळे कापडच बरे. अंतर दोन मीटर मिळणार नाही, तेव्हा त्या फोटोवरून माप घेऊ नये असे नोंदीत स्पष्ट लिहा, आणि उंची व काठाचा व्यास आधीच्या नोंदवहीतून द्या. कपाटातले दिवे बहुधा वरूनच पडतात, त्यामुळे भांड्याचा खालचा भाग काळोखात राहतो. काचेबाहेर, खालच्या बाजूला, पांढरा तक्ता तिरका धरून थोडा उजेड परत पाठवता येतो. ट्रायपॉड आणि दिव्यांसाठी लेखी परवानगी आधीच घ्या. काच उघडायची झाली तर ती अभिरक्षकांनीच उघडावी.

फाइलचे नाव म्हणजे भांड्यावरचा नोंद क्रमांक, पुढे दृश्याची खूण, पुढे अनुक्रम. क्रमांक भांड्यावर लिहिलेला असतो तो जुन्या आणि नव्या नोंदवहीत वेगळा असू शकतो, दोन्ही लिहा. प्रत्येक भांड्याच्या पहिल्या चौकटीत क्रमांकाची चिठ्ठी ठेवून एक फोटो घेतला की संगणकावर दोन सारखे कटोरे उलटसुलट होत नाहीत. रॉ फाइल जशीच्या तशी, तिच्यावरून १६-बिटची टिफ, आणि रोजच्या वापराला जेपीईजी. चीर, भरलेले प्लास्टर, काजळी काहीही पुसू नका. धूळ उडालेली दिसली तर फोटो पुन्हा घ्या, संगणकावर झाकू नका. तिन्ही प्रकारच्या फाइली दोन वेगळ्या डिस्कवर, आणि त्यांतली एक संग्रहालयाच्या इमारतीबाहेर.